मेणाचा गाल

“गाल ढिला सोड गं. बांगडी भरताना हात सोडतीस, तसा.”

अख्तरबी असं म्हणाली, तशी खाटेवर बसलेली हरणाबाई दवाखान्यात आल्यापासून पहिल्यांदा हसली. हसली म्हणजे काय, गालात लिंबाएवढी गाठ असलेल्या बाईला हसता येईल तेवढी. गरम पाण्यातनं काढलेलं मेण अख्तरबीच्या तळहातावर भाकरीसारखं पसरलं होतं. ते तिनं आधी स्वतःच्या मनगटाला लावून पाहिलं, चटका बसत नाही याची खात्री केली, आणि मग अलगद हरणाबाईच्या गालावर बसवलं. अंगठ्यानं दाबत दाबत त्याच्या कडा पार कानापर्यंत नेल्या.

“पोळतंय?”

“न्हाई. बरं वाटतंय उलट.”

“मग आता हालू नगंस, बोलू बी नगंस. नवरा डोळ्यांम्होरं आण आन् गप बस.”

दाराबाहेर हरणाबाईचे सासरे नाथाजी पटका मांडीवर घेऊन, खोलीकडं पाठ करून बसले होते. सुनेच्या डोईवरचा पदर खाली आलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता आणि सांगलीच्या दवाखान्यात येऊन तो पाहायचा त्यांचा मुळीच विचार नव्हता.

हे काम आधी दवाखान्यातला कंपाउंडर करायचा. पण करायचा म्हणजे नुसतं नावाला. गालाला परक्या पुरुषाचा हात लागणार म्हटलं की बायका तोंड फिरवून बसत. एक बाई तर अर्धं मेण गालावर तसंच घेऊन उठली आणि तडक स्टेशन गाठलं तिनं. डॉक्टर आठल्ये डोक्याला हात लावून बसले. मुंबईला राहून ते कॅन्सरवरचा हा रेडियमचा इलाज शिकून आलेले, मोठ्या खटपटीनं रेडियम भरलेल्या सुईएवढ्या नळ्या त्यांनी मिळवलेल्या; आणि इथं त्या बसवायच्या मेणाच्या साच्यावाचून सगळं अडलेलं! शेवटी त्यांच्या बायकोनं तोड काढली. म्हणाली, “अहो, सासूदेखत सुनेचा हात धरायची मुभा कुणाला असते? बांगड्या भरणाऱ्यालाच ना? मग एखाद्या मणेरणीला विचारा की.”

अख्तरबी मणेरीण गणपती पेठेत बसायची. नवरा चांदसाहेब होता तोवर दोघं मिळून बांगड्यांची पेटी चालवायची. तो गेला, मागोमाग लढाई आली आणि काचेचा माल यायचा बंद झाला. पेटीत बांगड्यांपेक्षा पेंढाच जास्त राहिला. लाख शेगडीवर मऊ करायची, वाकवायची, ऐन वेळी हात उचलायचा, हे तिच्या बोटांत होतं. मेणाचं काम तिला जड गेलं नाही. आणि बायकांचं म्हणाल, तर अख्तरबी पाटावर बसून ‘ढिला सोड गं’ म्हणाली की भल्याभल्या आखडलेल्या बायका सैल पडायच्या.

मेण निवल्यावर साचा गालावरनं निघाला. आतून हुबेहूब हरणाबाईचा गाल. गाठीच्या जागी खळगा. डॉक्टरांनी तो उजेडात धरून सगळ्या बाजूंनी पाहिला. गालाचं एक चित्र कागदावर काढून त्यांनी कुठं किती नळ्या बसवायच्या, गालापासून किती दूर, रोज किती वेळ आणि किती दिवस, याची मांडणी केली. मग शिशाच्या पेटीतल्या नळ्या लांब चिमट्यानं उचलून साच्याच्या बाहेरच्या अंगाला मेणात रोवल्या.

“अख्तरबी, एवढं एकच ध्यानात ठेवा,” ते म्हणाले. “साचा गालाला चिकटून बसला पाहिजे. जरा हलला, सैल वाटला, तर मला सांगायचं.”

“व्हय साहेब,” अख्तरबी म्हणाली. आणि तिनं तेव्हा ते मनापासूनच म्हटलं होतं.

रोज सकाळी डॉक्टर साच्यात नळ्या बसवून द्यायचे, अख्तरबी तो हरणाबाईच्या गालावर बसवून डोक्याभोवती पट्टी बांधायची आणि संध्याकाळी सोडायची. दिवसभर हरणाबाई त्या मेणाच्या गालानिशी खाटेवर बसून राहायची. तिच्याजवळ फार वेळ बसू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण अख्तरबीचा पाय काही दारातनं निघायचा नाही. ती उंबऱ्याजवळ बसायची आणि दोघींच्या लांबून गप्पा चालायच्या. म्हणजे बोलायची अख्तरबीच. हरणाबाईच्या दातांतनं शब्द चेपून यायचा.

हरणाबाई इस्लामपूरजवळच्या एका खेड्यातली. घरी उसाची शेती, नवरा आकाराम पलटणीत. लढाई सुरू झाली तसा गेला तो, आता तिकडं ब्रह्मदेशाच्या बाजूला होता; अजून घर पाहिलं नव्हतं त्यानं. पोटी मूलबाळ नव्हतं. मिश्री मात्र पोरपणापासनं लागलेली.

“मला वाळीत टाकतील का वो मावशी?” एकदा तिनं विचारलं. “गाल असा कुजका म्हटल्यावर?”

“तुझा सासरा भिताडाकडं त्वांड करून आठवडाभर बसलाय, त्यो काय वाळीत टाकायला?”

“मामंजींचं न्हाई म्हणत मी.”

ती कुणाचं म्हणतेय ते अख्तरबीला कळलं. तिनं पानाचा डबा उघडला आणि उगाच मिटला.

आणि काय सांगावं, गाठ उतरायला लागली! लिंबाची सुपारी झाली. गालाची कातडी लालभडक झाली, पण हरणाबाईला पेज गिळता यायला लागली. तिनं आरसा मागितला. अख्तरबीनं आपल्या बांगड्यांच्या पेटीतला आरसा आणून दिला. हरणाबाई बराच वेळ पाहत बसली, मग बोटानं गाल चाचपत म्हणाली, “मावशी, ही मीच की वो!” अख्तरबीला इतका आनंद झाला की तिनं पीराला नारळ बोलला.

त्याच सुमारास आकारामच्या पलटणीतला गुंडा नावाचा शिपाई रजेवर आला आणि सांगावा घेऊन दवाखान्यात आला. आकारामलाही रजा मिळाली होती. येत्या आठवड्याच्या आत तो गावात पोचणार होता. किती दिवस राहील ते पलटणीच्या साहेबाच्या मर्जीवर.

आता झालं असं, की दुसऱ्याच दिवशी सकाळी अख्तरबीनं साचा गालावर ठेवला आणि तो बसेना. गाठ उतरलेली, त्यात खाणं नाही म्हणून हरणाबाईचं सगळं तोंडच वाळलेलं. मधे करंगळी जाईल एवढी फट राहिली. साचा डुगडुग हलायला लागला.

“थांब, साहेबांना हाक मारती,” अख्तरबी म्हणाली.

हरणाबाईनं तिचा हात धरला. “मावशी, नगा सांगू. नवा साचा करायचा म्हणतील. आन् दिस वाढवतील. मी हितं खाटंवर आन् त्यो तिकडं घरी, असं व्हईल. पाच वर्सांनी येतोय वो त्यो.”

“आगं, पर साहेबांनी सांगितलंय...”

“गाठ गेलीच की! उरलीय केवढी? तुमी कायतरी करा. तुमच्या पाया पडती.”

अख्तरबी साचा हातात घेऊन उभी राहिली. उभा जन्म तिनं बायकांच्या हातांवर काढलेला. बाळंतपणानं, दुखण्यानं हात वाळला की बांगडी सैल व्हायची, कोपरापर्यंत सरकायची. म्हणून काय सवाष्णीच्या हातातली बांगडी उतरवतात होय? अपशकुन तो. बांगडीला आतल्या अंगानं दोरा गुंडाळायचा, घट्ट बसते. शेकडो बायकांना तिनं असा दोरा गुंडाळून दिला होता आणि त्यांनी तिला दुवा दिला होता.

तिनं कापसाची एक पातळ घडी केली आणि साच्याच्या आत लावली. साचा बसला. मुळीच हलेना.

“कच्च्या कातडीला बी मऊ लागतंय,” हरणाबाई म्हणाली.

नदीपलीकडच्या गावांत तेव्हा पटकीची साथ पसरली होती. डॉक्टर सकाळी घाईघाईनं नळ्या बसवून द्यायचे, बांधलेली पट्टी दारातूनच पाहायचे आणि सायकलीवर टांग टाकायचे. अख्तरबी रोज नवा कापूस घालायची. गाल आणखी आत जात होता, घडी आणखी जाड होत होती. तिला त्यात वावगं असं काही वाटत नव्हतं. थोडं मनात टोचायचं, पण हरणाबाईचा चेहरा पाहिला की तेही विरून जायचं.

चार दिवस असे गेले. मग एका सकाळी पटकीचा जोर ओसरला म्हणून डॉक्टर सवडीनं आले आणि त्यांनी स्वतःच पट्टी सोडली. साचा उचलला. कापूस खाटेवर पडला.

डॉक्टरांनी कापूस पाहिला, गाल पाहिला. लाली वाढायला हवी होती, ती उलट उतरत चालली होती. त्यांनी विचारलं, “हे कुणी?”

“मी घातला, साहेब,” अख्तरबी म्हणाली. “सैल झालता.”

“किती दिवस झाले?”

तिनं सांगितलं. डॉक्टर ओरडतील म्हणून तिनं मान खाली घातली. ते ओरडले नाहीत. मेण वितळवायची शेगडी कोपऱ्यात पेटलेली होती, तिच्याकडं बोट दाखवून म्हणाले, “अख्तरबी, तुम्ही लाख मऊ करता, तेव्हा कांडी निखाऱ्यापासून किती लांब धरता?”

“बोटभर.”

“आणि चार बोटं वर धरली तर?”

चार बोटं वर लाख दिवसभर धरली तरी वाकत नाही, हे तिच्याइतकं सांगलीत कुणाला ठाऊक होतं? ती भिंतीला टेकली.

“नळ्या लांब गेल्या. किरण पोचलेच नाहीत म्हणा ना पुरते,” डॉक्टर म्हणाले. “हरणाबाई, ऐका. गाठ वरून बसलीये, पण मूळ आत आहे. गाल बदलला, तेव्हा आता पहिली मांडणी चालायची नाही. नव्या गालाला नवा साचा, नळ्या नव्यानं मांडायच्या आणि दिवस वाढवायचे. मी आजच सुरू करतो.”

हरणाबाईनं डोईवरचा पदर पुढं ओढला. “माझा मालक येणार हाय,” एवढंच ती म्हणाली.

डॉक्टरांनी नाथाजींना आत बोलावलं, समजावलं, हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले. नाथाजी ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, “साहेब, तुमी देवमाणूस. गाठ गेली, ती तुमच्या हातानं गेली. मग आता आनि कशापायी? पोरगं लढाईतनं येतंय. परत जाईल ते येतंय का न्हाई कुणाला ठावं. त्याला दार उघडायला बायकू नसावी व्हय?”

अख्तरबीच मधे पडली. “हरणे, नवा साचा तरी करून ठिव. रजा सपली की फुडच्या दिशी ये. तुझा गाल हितं माझ्यापाशी ऱ्हाऊ दे.”

“येती, मावशी. शपत येती.”

जुना साचा मोडून मेण परत पातेल्यात टाकायचं होतं. डॉक्टर म्हणाले, “मोडा तो.” अख्तरबी म्हणाली, “वाढवती, साहेब.” बांगडीला कुणी मोडली म्हणत नाही, वाढवली म्हणतात, तिच्या तोंडाला तीच सवय. त्या दुपारी तिनं दुसरा साचा घेतला. या खेपेला तिनं कड न् कड तीनतीनदा दाबली, मेण कुठं पोकळ राहिलं नाही ना म्हणून नखानं चाचपलं. आतून तो नुसता एका तरुण बाईचा गाल होता. ना गाठ, ना खळगा. उकाड्यानं मेण पाघळू नये म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून तिनं तो फळीवर ठेवला.

हरणाबाई गेली. रजेत ती नि आकाराम दोघं नरसोबाच्या वाडीला जाऊन आली, असं बाजाराला आलेल्या कुणी अख्तरबीला सांगितलं. आकाराम परत गेला. हरणाबाई काही आली नाही. पाऊस लागला, नदीला पाणी आलं, उतरलं. लढाई संपल्याची साखर पेठेत वाटली. अख्तरबी रोज फळीवरचं फडकं ओलं करायची. डॉक्टरांनी दोनदा तिच्या गावी माणूस पाठवला. ‘सूनबाई ठणठणीत हाय, सुगी झाली की येतो,’ असा निरोप आला.

ती आली दिवाळी झाल्यावर. गालाला पुन्हा सूज, आणि कानाखाली मानेत एक टणक गाठ. अख्तरबीनं धावत जाऊन फळीवरचा साचा आणला आणि तिच्या गालाला लावला. तो कुठंच बसेना. तरी ती दाबत राहिली. शेवटी डॉक्टरांनी तिच्या हातातनं तो काढून घेतला.

“मानेत उतरलंय,” बाहेर आल्यावर ते म्हणाले. “आता साच्याचं काम राहिलं नाही.”

“साहेब, ते कापसाचे दिस... माझ्यामुळं झालं का वो?”

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. “ते दिवस फुकट गेले, हे खरं. पुढं ती आली नाही, हेही खरं. ते सगळं नीट पार पडलं असतं तर वाचलीच असती, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. नसती वाचली, असंही नाही. मला ठाऊक नाही, अख्तरबी.”

‘तुझ्यामुळं नाही’ असं ते म्हणाले असते, तर ती रडून मोकळी झाली असती. ‘तुझ्यामुळंच’ म्हणाले असते, तरी झाली असती. तिला रडूही येईना. घरी जाऊन तिनं चूलसुद्धा पेटवली नाही.

शिमगा जवळ आला तेव्हा एका सकाळी नाथाजी दवाखान्याच्या दारात उभे राहिले. वर्षभरात म्हातारा पार वाकला होता.

“आकाराम सुटला पलटणीतनं,” ते म्हणाले. “चार-दोन दिसांत येतोय कायमचा. सूनबाई म्हणत्यात, चुडा भरायचाय. तुमच्याच हातनं पायजे म्हणत्यात.”

अख्तरबी घरी गेली, पेटीच्या तळाशी पेंढ्यात हात घातला. लढाईच्या आधीचा हिरव्या काचेचा थोडा माल तिनं जपून ठेवला होता. ती बराच वेळ निवडत बसली. मग पेटी डोक्यावर घेऊन मोटारीच्या अड्ड्यावर नाथाजींच्या मागं चालत गेली.

माजघरात हरणाबाई वाकळेवर भिंतीला टेकून बसली होती. अर्धं तोंड पांढऱ्या फडक्यानं बांधलेलं. फडक्याच्या आत काय राहिलं असेल ते अख्तरबीला दिसत नव्हतं, पण वासानं कळत होतं. डोळे तेवढे तेच. ते हसले. अख्तरबीनं तिचे हात आपल्या मांडीवर घेतले. जुन्या बांगड्यांना आतून दोरा गुंडाळलेला होता. सैल होऊन गळू नयेत म्हणून हरणाबाईनं स्वतःच गुंडाळला होता, वेड्यावाकड्या हातानं.

“दोरा कुणी गुंडाळला गं?”

“मीच,” हरणाबाई म्हणाली. शब्द फडक्यातनं फुटून येत होते. “नव्यांना... तुमी गुंडाळा. नीट.”

“न्हाई,” अख्तरबी म्हणाली. “दोरा न्हाई आता.”

तिनं दोरे सोडवले, जुन्या बांगड्या एकेक करून वाढवल्या. पेटीतनं निवडून आणलेल्या बांगड्या काढल्या. दहा-बारा वर्षांच्या पोरींना भरतात, त्या मापाच्या होत्या.

“हात ढिला सोड गं.”

“ढिलाच हाय.”

एरवी हात दाबून, अंगठा दुमडून बांगडी चढवावी लागते. बायका ‘आई गं’ म्हणतात, हसतात. इथं काही दाबावं लागलं नाही. पोरीच्या मापाच्या बांगड्या त्या हाडांवरनं हळूच गेल्या आणि मनगटावर थांबल्या. एका हातात भरून झाल्या, दुसऱ्या हातात भरून झाल्या. हरणाबाईनं हात उचलून हलवून पाहिला. बांगड्या वाजल्या, पण खाली सरकल्या नाहीत.

“बसल्या,” ती म्हणाली. थोडा दम घेऊन तिनं विचारलं, “त्यो माझा गाल... हाय का अजून फळीवर?”

अख्तरबीला खोटं बोलता आलं असतं. “न्हाई गं. मागल्या आठवड्यात वितळवला. मेण मिळंना कुठं. विट्याकडची एक बाई आली हाय. तुझ्याच वयाची. तिच्या गालावर हाय आता.”

हरणाबाईनं डोळे मिटले. अख्तरबीला वाटलं, हिला लागलं. मग त्या भरल्या हातानं तिनं अख्तरबीचं बोट धरलं.

“सैल झाला... की सांग म्हणावं तिला. लगीच सांग म्हणावं.”

आणि इतके महिने न आलेलं रडू अख्तरबीला त्या माजघरात आलं. हरणाबाईच्या मांडीवर डोकं ठेवून ती रडली आणि हरणाबाई तिच्या पाठीवरनं हात फिरवत राहिली.

चुडा भरला की सवाष्ण मणेरणीच्या पाया पडते, तशी हरणाबाई वाकायला लागली. अख्तरबीनं तिला धरलं, वाकू दिलं नाही. पेटी उचलून ती अंगणात आली. नाथाजी सुपात जोंधळे आणि वर गुळाचा खडा घेऊन उभे होते.

“नगा,” अख्तरबी म्हणाली. “हिच्या बांगड्यांचं मी काय बी घेत न्हाई.”

“आवं, चुडा फुकट भरून घेत न्हाईत. सवाष्ण हाय ती अजून.”

अख्तरबीनं पेटी खाली ठेवली, डोळे पुसले आणि पदर पसरला. नाथाजींनी सूप तिरकं केलं. आत माजघरात बांगड्या पुन्हा एकदा वाजल्या.